कळते, पण वळत का नाही?

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



'आरोग्य' या विषयावर चार शब्द बोलावे, अशी कार्यकारी मंडळाची आज्ञा झाली. मी डॉक्टर नव्हे, पदवीधरही नव्हे. मॅट्रिक झालो, अध्यापनाची पदविका घेतली आणि सारा जन्म प्राथमिक शाळेत पाढे व शुद्धलेखन शिकविण्यात घालविला. तेव्हा अमुक खावे आणि तमुक वर्ज्य करावे असे मी सांगू लागलो, तर तो अगोचरपणा ठरेल. परंतु अलीकडे एका निराळ्या शास्त्राशी माझा परिचय झाला आहे. विद्यापीठांतून पदवीनंतरच्या वर्गांना ते शिकवितात. आपण त्याला आरोग्य-वर्तनाचे संशोधन आणि आरोग्यसंवर्धन म्हणू. नाव अवजड आहे खरे. पण त्या शास्त्राचा मूळ प्रश्न आपल्या आयाबाया पिढ्यान्‌पिढ्या विचारीत आल्या आहेत. माणसाला कळते, पण वळत का नाही?

शाळेत तंबाखूविरोधी दिन पाळला जातो. मुले प्रभातफेरी काढतात, घोषणा देतात, निबंध लिहितात. मी असे शेकडो निबंध तपासले असतील. तंबाखूने कर्करोग होतो, हे न लिहिणारा मुलगा विरळा. आणि त्याच संध्याकाळी तोच मुलगा वडिलांसाठी कोपऱ्यावरच्या टपरीवरून पुडी आणताना दिसतो! बापालाही पुडीवरचे चित्र दिसते. ते चित्र २०१६ पासून पुडीच्या ८५ टक्के भागावर छापलेले असते. न दिसण्याचा प्रश्नच नाही. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ साली बंदी आली. तरीही २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत आपल्या राज्यातील प्रौढांपैकी २४ टक्क्यांहून थोडे अधिक लोक धूरविरहित तंबाखू वापरताना आढळले, म्हणजे चौघांत जवळजवळ एक. ज्ञान कमी पडले म्हणून हे झाले, असे कोण म्हणेल?

या कोड्याचा पद्धतशीर विचार अमेरिकेत १९५० नंतरच्या दशकात सुरू झाला. तेथील सरकारने क्षयरोग लवकर ओळखता यावा म्हणून छातीचा क्ष-किरण फोटो काढणाऱ्या गाड्या वस्त्यांतून फिरविल्या. तपासणी फुकट, दाराशी आलेली. तरी पुष्कळ लोक फिरकेनात. हॉकबॉम नावाच्या मानसशास्त्रज्ञाने तीन शहरांतील बाराशेहून अधिक माणसांना विचारपूस केली आणि १९५८ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. 'हा रोग मलाही होऊ शकतो' आणि 'लवकर कळला तर माझा फायदा आहे', या दोन्ही गोष्टी ज्यांना मनापासून पटल्या होत्या, त्यांच्यापैकी ८२ टक्के लोकांनी आपण होऊन तपासणी करून घेतलेली होती. ज्यांना यांपैकी एकही पटलेली नव्हती, त्यांच्यात हे प्रमाण २१ टक्के होते. रोग वाईट आहे हे सर्वांनाच ठाऊक असते; तो आपल्या उंबऱ्याशी येऊ शकतो, हे पटणे वेगळे. या विचारातून जी उपपत्ती निघाली, ती आजही या अभ्यासक्रमात आरंभीच शिकवितात.

हे सारे मला कसे कळले, ते सांगतो. आपल्याच ज्ञातीतील एका मुलीने मानसशास्त्रात बी. ए. केले आणि सार्वजनिक आरोग्याच्या एम. पी. एच. या दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाला प्रवेश मिळविला. शेवटच्या वर्षी प्रबंधासाठी तिने खेड्यातील स्त्रियांची मिश्रीची सवय हा विषय घेतला. एक दिवस ती माझ्याकडे आली नि म्हणाली, "गुरुजी, माझी प्रश्नावली इंग्रजीत आहे. ती बायकांना कळेल अशा मराठीत करून द्याल का?" मी हौसेने होकार दिला. मला वाटले, तासाभराचे काम. ते पुरे तीन आठवडे चालले.

त्यांच्या शास्त्राचा दंडक असा की, एकाने इंग्रजीचे मराठी करायचे. मग मूळ इंग्रजी न पाहिलेल्या दुसऱ्या माणसाने त्या मराठीचे पुन्हा इंग्रजी करायचे. आणि दोन्ही इंग्रजी पाठ शेजारी ठेवून अर्थ कोठे निसटला ते शोधायचे. आमच्या शुद्धलेखनाच्या तपासणीपेक्षाही हे काम कडक! त्यानंतर दहापंधरा बायकांवर ती प्रश्नावली आधी करून पाहायची. पूर्वीच्या एका छापील नमुन्यातला प्रश्न होता : 'आपण तंबाखूचे सेवन करता काय?' बायका सरळ 'नाही बाई' म्हणत, आणि दात तर काळे दिसत. त्या खोटे बोलत नव्हत्या. तंबाखू भाजून, कुटून केलेली मिश्री हे त्यांच्या लेखी दंतमंजन होते. तंबाखू म्हणजे पुरुष चुन्याबरोबर मळतात ती. शेवटी प्रश्न असा झाला : 'सकाळी उठल्यावर दात कशाने घासता? दिवसातून आणखी किती वेळा?' आणि उत्तरे भडाभडा येऊ लागली.

माझ्यासारख्या जुन्या मास्तराला यातली खुबी तत्काळ पटली. वर्गात 'समजले ना?' असे विचारले की सगळी मुले 'होय' म्हणतात. 'जेवणापूर्वी हात धुता ना?' असे विचारले की सारे गाव हात धुते. विचारणाऱ्याला बरे वाटावे म्हणून दिलेले उत्तर आणि खरे उत्तर यांतला फरक कसा ओळखावा, याचाच या विद्यार्थ्यांना स्वतंत्र विषय असतो. त्याखेरीज संख्याशास्त्र आहे, रोग कोणाला, कोठे व का होतात हे सांगणारे साथरोगशास्त्र आहे, कार्यक्रमाची आखणी आणि त्याचे मूल्यमापन आहे. कोणालाही प्रश्न विचारण्यापूर्वी नीतिसमितीची परवानगी आणि त्या व्यक्तीची समजूनउमजून दिलेली संमती घ्यावी लागते. सही न करणाऱ्या बाईवर रागावायचे नाही, तिला सोडून द्यायचे, हाही पाठच.

त्या मुलीला काय आढळले? बायका मिश्री लावतात ती दातदुखीवर उतारा म्हणून, सकाळी पोट साफ होते म्हणून. आणि एका आजींनी सांगितले, "पहाटे ओसरीवर आम्ही चौघीजणी मिश्री लावत बसतो, तेवढाच आमचा स्वतःचा वेळ." आता या आजींना कर्करोगाचे चित्र दाखवून काय उपयोग? दाताचा दवाखाना दूर आहे, आणि त्या चार मैत्रिणींना एकत्र बसायला दुसरे निमित्त नाही. कारण सापडले की उपायाची दिशा सापडते. न सापडले तर उपदेश पालथ्या घड्यावर पाणी.

अशा प्रयत्नांना यश येते का, हा प्रश्न रास्त आहे. आपल्या मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील दंतसंशोधकांनी केरळात एर्नाकुलम, आंध्रात श्रीकाकुलम आणि गुजरातेत भावनगर या जिल्ह्यांत तंबाखू वापरणाऱ्या ३६,००० हून अधिक ग्रामस्थांमध्ये मोठे काम केले. श्रीकाकुलमकडे पुष्कळ बायका चुट्टा पेटते टोक तोंडात धरून ओढतात! संशोधकांनी घरोघर जाऊन तोंड तपासले, एकेकाशी बोलले, चित्रपट, भित्तिपत्रे, वृत्तपत्रे यांचाही उपयोग केला. त्यांचे पाच वर्षांचे निष्कर्ष १९८६ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आले. ज्यांच्यासाठी असे खास प्रयत्न झाले नव्हते अशा आधीच्या गटाशी तुलना करता, तंबाखू सोडणाऱ्यांचे प्रमाण वाढले होते आणि तोंडात कर्करोगाआधी येणारे पांढरे चट्टे नव्याने उमटण्याचे प्रमाण घटले होते. बहुसंख्यांनी तंबाखू सोडली नाही, हेही खरेच. परंतु जे काही साधले ते शस्त्रक्रियेने नव्हे, संभाषणाने साधले.

प्रोचास्का आणि डिक्लेमेंटे या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९८३ साली धूम्रपान सोडणाऱ्यांवर लेख लिहिला, तोही येथे आठवतो. व्यसन सोडणे ही एका क्षणाची प्रतिज्ञा नसून तो टप्प्याटप्प्यांचा प्रवास आहे. कोणी अजून विचारही करीत नाही, कोणी विचारात आहे, कोणी सोडून पुन्हा घसरला आहे. आणि प्रत्येकाशी बोलण्याची भाषा वेगळी हवी, असे त्या मताचे सार आहे. आपल्याकडे मात्र सर्वांना एकच शपथ एकाच दिवशी देतात आणि दुसऱ्या दिवशी कोणी पाहत नाही.

आणखी एक गोष्ट. सगळा दोष व्यक्तीच्या माथी मारण्याविरुद्ध हे शास्त्र आज बजावते. १९८६ च्या नोव्हेंबरात कॅनडातील ओटावा येथे जागतिक परिषद भरली. तेथील जाहीरनाम्याने आरोग्यसंवर्धनाचा भर नुसत्या उपदेशावरून काढून धोरण, परिसर आणि समाजाचे सामर्थ्य यांवर दिला. ज्या वस्तीत नळाला पाणी नाही तेथे हात धुण्याचे व्याख्यान देणे, याला मी तरी क्रूर थट्टा म्हणेन.

याचे फिनलंडमधले उदाहरण आपल्या मंडळाने मुद्दाम ऐकावे असे आहे. त्या देशाच्या पूर्वेस उत्तर कारेलिया नावाचा प्रांत आहे. तेथे ऐन उमेदीतले पुरुष हृदयविकाराने इतके मरत की, जगात त्यांचा क्रमांक अगदी वर लागे. लोण्याचा मारा, धूम्रपान आणि रक्तदाब ही कारणे. लोकांनीच सरकारकडे अर्ज केला आणि १९७२ साली डॉक्टर पेक्का पुस्का यांच्या नेतृत्वाखाली प्रकल्प सुरू झाला. त्यांनी केवळ दवाखाने काढले नाहीत. तेथे 'मार्था' नावाची गृहिणींची जुनी संघटना होती; तिच्या सभासद स्त्रियांनी गावोगाव मेळावे भरवून नेहमीचेच पदार्थ कमी चरबीचे आणि अधिक भाज्यांचे करून खाऊ घातले. दुग्धालयांना आणि मांसाचे पदार्थ करणाऱ्यांना चरबी कमी करण्यास राजी केले. गावातील वजनदार माणसांना हाताशी धरले. सुमारे ३५ वर्षांत ३५ ते ६४ वयाच्या पुरुषांतील हृदयविकाराचे मृत्यू ८० टक्क्यांहून अधिक घटले. तेथे जे मार्था संघटनेने केले, ते करायला आपले महिला मंडळ काय कमी आहे? आपल्या लग्नाच्या पंगतीत किती गोड आणि किती तळलेले असावे, हे कोणताही डॉक्टर ठरवीत नाही. ते येथे बसलेल्या माताभगिनी ठरवितात.

आता मूळ मुद्द्यावर येतो. वर सांगितलेल्या मुलीने आपल्या शिष्यवृत्ती निधीकडे अर्ज केला होता. तो परत आला. नियमातील यादीत वैद्यक, अभियांत्रिकी, कायदा, वाणिज्य असे विषय आहेत, हा नाही. एक वडीलधारे गृहस्थ मला म्हणाले, "गुरुजी, पोर डॉक्टर होणार नाही, नर्स होणार नाही, मग शिकून करणार काय?" त्यांचा प्रश्न तिरकस नव्हता, म्हणून सरळ उत्तर देतो. राष्ट्रीय आरोग्य अभियानात, वैद्यकीय महाविद्यालयांत, संशोधन संस्थांत, सेवाभावी संस्थांत अशा माणसांना काम असते. नोकऱ्या बऱ्याचदा कंत्राटी असतात आणि पगार अभियंत्याएवढा मिळेलच असे नाही. आईबापांनी हे आधी समजून घ्यावे. देवनारची टाटा समाजविज्ञान संस्था, सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ, तिरुवनंतपुरम येथे १९९७ पासून हा वर्ग चालविणारे अच्युत मेनन केंद्र, अशा ठिकाणी सार्वजनिक आरोग्याचे पदव्युत्तर शिक्षण मिळते. त्यासाठी वैद्यकाचीच पदवी लागते असे सर्वत्र नाही. वैद्यकाची जागा हुकली म्हणून घरात तोंड लपवून बसलेल्या मुलामुलींच्या पालकांनी याची चौकशी अवश्य करावी. मात्र हा दुय्यम तोडगा समजून नव्हे. त्या मुलीने पतपेढीचे कर्ज काढून शिक्षण पुरे केले, आणि आज तिच्या पगारातून हप्ते जात आहेत.

शिष्यवृत्तीच्या नियमातील यादीत 'सार्वजनिक आरोग्य' हे दोन शब्द घालावेत, अशी लेखी सूचना मी चिटणीसांकडे दिली आहे. तिला अनुमोदक म्हणून दोन सभासदांच्या सह्या हव्यात. एक सही आमच्या घरातून झाली आहे. दुसरीसाठी कागद मी येथे बरोबर आणला असून तो भोजनाच्या वेळी माझ्यापाशीच असेल.