अंगणातलं निळं फूल आणि पत्रीतलं एक नाव

(मंडळाच्या श्रावणातील स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



गणपतीच्या एकवीस पत्रींची यादी आपल्या पूजेच्या पोथीत असते. गुरुजी नाव घेतात आणि आपण ताटातलं हाताला येईल ते पान वाहतो. दूर्वा, बेल, तुळस, रुई, आघाडा इथपर्यंत आपली ओळख पक्की. डोरली आली की थोडं अडखळतो. आणि ‘विष्णुक्रांता’ म्हटलं की सगळं घर एकमेकांच्या तोंडाकडे बघतं. इंदूरला आपली चौथी-पाचवी पिढी चालू आहे. नावं आपण नीट सांभाळली. झाडं मात्र वाटेत कुठेतरी सुटली.

यंदा जुलैत दोन-तीन चांगले पाऊस झाल्यावर आमच्या अंगणात, फरशीच्या कडेला जिथे मुरूम टाकलेला आहे तिथे, एक पसरट रोप आलं. आम्ही लावलेलं नव्हतं. तारेसारख्या बारीक फांद्या, जमिनीलगत चहूकडे गेलेल्या, आणि त्यांवर निळी फुलं, रुपयाच्या नाण्याच्या निम्म्याहूनही लहान. काळ्या मातीच्या वाफ्यात त्याचं एकही रोप नव्हतं, सगळी मुरमात.

नावं सांगणारे पुष्कळ भेटले. माळीदादा म्हणाले, शंखपुष्पी. मोबाइलने दोनदा केना सांगितलं आणि एकदा नर्सरीत ‘ब्ल्यू डेज’ म्हणून मिळतं ते झाड. शेजारच्या केरळच्या काकू कुंपणावरूनच म्हणाल्या, ही तर आमची विष्णुक्रांती, दशपुष्पांतली! एका रोपाला चार नावं. मग आम्ही ठरवलं की नाव विचारणं बंद करायचं आणि रोपाकडे बघायचं.

केना सर्वांत आधी गेला. केन्याच्या फुलाला तीन पाकळ्या, त्यातल्या दोन मोठ्या आणि एक अगदी लहान. पान रसाळ, त्याच्या शिरा समांतर आणि देठाशी खोडाला वेढणारं म्यान. (जाता जाता, केना जमिनीखालीही न उमलणारी फुलं धरतो आणि तिथेच बी तयार करतो. कितीही उपटा, तो परत का येतो ते आता कळलं असेल.) आमच्या फुलाच्या पाकळ्या सुट्या नव्हत्या. फूल गळलं की चाकासारखं अख्खं गळायचं, म्हणजे हे गारवेलीच्या कुळातलं. पण वेल नाही. कशालाही वेढा घालत नाही. पानं बोटाच्या पेराएवढी, एकाआड एक, त्यांवर रेशमी लव. फुलाचा देठ दोऱ्यासारखा आणि पानापेक्षा लांब. सकाळी उमलतं, दुपारी मिटतं.

माळीदादांची शंखपुष्पीही याच कुळातली, म्हणून शेवटचा निकाल भिंगाने लावावा लागला. शंखपुष्पीच्या फुलात मधोमध एकच तंतू वर येतो आणि टोकाला त्याचे दोन भाग होतात. आमच्या फुलात बुडापासूनच दोन तंतू होते आणि प्रत्येकाला पुन्हा दोन फाटे, म्हणजे चार टोकं. ही खूण इव्हॉल्व्ह्युलसची. शास्त्रीय नाव इव्हॉल्व्ह्युलस अल्सिनॉइडिस, आणि मराठीत विष्णुक्रांता. नर्सरीतलं झाड याचंच दक्षिण अमेरिकेतलं भावंड, पण ते झुडपासारखं वाढतं आणि त्याची फुलं बरीच मोठी. केरळच्या काकू बरोबर होत्या, आणि त्यांना भिंग लागलं नव्हतं!

एक गुंता मात्र राहतोच. भावप्रकाशात गोकर्णीच्या पर्यायनावांतही विष्णुक्रांता येतं. त्यामुळे ज्यांच्याकडे निळी गोकर्ण वाहतात त्यांना चूक म्हणण्याचं काही कारण नाही.

पूजेत एवढं चालतं. औषधात चालत नाही, आणि आज उभं राहण्याचं खरं कारण हेच आहे. रोपाची बातमी पसरताच आमच्याकडे दोन घरांतून मागणी आली. एकीला दहावीतल्या नातवाला काढा द्यायचा होता, ‘शंखपुष्पीने स्मरणशक्ती वाढते ना!’ चरकाने चार मेध्य रसायनांत शंखपुष्पी सांगितली आहे, हे खरं. पण बाजारात आणि परंपरेत त्या नावाखाली निदान तीन वेगळ्या वनस्पती चालतात: कॉन्व्हॉल्व्ह्युलस, ही विष्णुक्रांता आणि गोकर्ण. सरकारी आयुर्वेदिक औषधसंहितेने यांपैकी पहिली धरली आहे. दुसऱ्या घरात तर फिट्सच्या गोळ्या चालू होत्या. १९९२ साली मुंबईच्या डॉक्टरांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असं दिसलं, की शंखपुष्पीचं तयार औषध फेनिटॉइनच्या गोळ्यांबरोबर घेतल्यावर रक्तातलं फेनिटॉइन कमी झालं आणि ताब्यात असलेल्या फिट्स पुन्हा येऊ लागल्या. दोन्ही घरांना आम्ही नाही म्हटलं. एक घर थोडं रागावलं आहे. त्यांनी डॉक्टरांना आणि वैद्यांना जरूर विचारावं, आमच्या अंगणाला नाही.

माळीदादांना सांगून तेवढी फरशीची कड खुरपायची थांबवली आहे. तुमच्याकडेही मुरमाची, उन्हातली जागा असेल तर चतुर्थीआधी सगळं तण साफ करण्याच्या घाईत एकदा वाकून बघा. फोटो काढायचा तर नुसत्या फुलाचा नको. पानाची मागची बाजू, देठ आणि शेजारी एक नाणं, असं सगळं येऊ द्या. आणि सकाळी काढा. संध्याकाळी पाठवलेल्या फोटोत मिटलेल्या कळीखेरीज काही दिसत नाही.

यंदा पूजेसाठी ज्यांना विष्णुक्रांतेचं पान हवं त्यांनी चतुर्थीच्या आदल्या दिवशी सकाळी यावं. एका घराला एकच डहाळी मिळेल, कारण रोपं मोजून सात आहेत आणि त्यांची बी पडायची आहे.