फोनवरच्या यंत्राला आकडे सांगताना

मागच्या महिन्यात आमच्या गटातल्या एका काकूंचं बँकेचं खातं अडकलं. मुलीच्या फीची तारीख तोंडावर आली होती. फोन लावला तर पलीकडे माणूस नाही, यंत्र! म्हणालं, खाते क्रमांक बोला. काकूंनी आपण घरात सांगतो तसा, दोन दोन आकडे जोडून सांगितला. त्यात एक एकोणसत्तर होतं. यंत्रानं वाचून दाखवलं, पाच नऊ. तीनदा तसंच. चौथ्यांदा काकू ओरडल्या, तर फोनच बंद झाला. "माझं बोलणंच गावंढळ," म्हणून त्या गप्प बसल्या.

आम्हाला ते पटेना. मग आम्ही दोन घरांत बसून एकमेकींना फोनवर आकडे वाचून पाहिले. एकोणसत्तर आणि एकोणसाठ आम्हालाही गोंधळात टाकत होते. सात, आठ, साठ यांचंही तेच.

याचं कारण असं, की साध्या फोनच्या तारेतून आपला आवाज पुरता जातच नाही. साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच पट्टा पुढे सरकतो. 'स'मधली शीळ त्याच्या वरची, ती कापली जाते. म्हणून इंग्रजीतलं एस आणि एफ सारखंच ऐकू येतं. बी, डी, पी, टी तर सख्ख्या बहिणी. समोर माणूस असला की "एम म्हणजे मुंबई, एन म्हणजे नागपूर" असं सांगून भागतं. यंत्राला ते कळेलच असं नाही.

अमेरिकेत बेल प्रयोगशाळेनं १९५२ साली शून्य ते नऊ ओळखणारं 'ऑड्री' नावाचं यंत्र केलं. त्यालाही ओळखीचाच आवाज लागायचा आणि प्रत्येक आकड्यानंतर थांबावं लागायचं. आताची यंत्रं पुष्कळ शहाणी झाली, पण शेवटी तीही अंदाजच बांधतात. बँकेच्या आयएफएससी कोडात अकरा खुणा असतात. पहिली चार अक्षरं, पाचवं कायम शून्य. हे ज्या यंत्राला शिकवलंय, ते तुम्ही 'ओ' म्हणालात तरी शून्यच धरतं. खाते क्रमांकाला असा आधार नसतो.

तेव्हा आम्ही आता एकेक आकडा सांगतो: सहा, नऊ. ओरडत नाही, ओरडण्यानं आवाज फाटतो. फार वेळ थांबतही नाही, नाहीतर यंत्राला वाटतं बोलणं संपलं. बटणं दाबायची सोय असेल तर सरळ दाबतो, तिथे उच्चाराचा प्रश्नच नाही. आणि हो, नंबर पासबुकावरचाच लावायचा. आपणहून आलेल्या फोनवर यातलं काही बोलायचं नाही.

दुसऱ्या दिवशी काकूंनी पुन्हा फोन लावला. आम्ही चौघी शेजारी, श्वास रोखून. यंत्रानं सगळे आकडे बरोबर वाचले. मग एक माणूस लाइनवर आला आणि म्हणाला, "ताई, खाते क्रमांक सांगा."