वरिष्ठ सभागृहाचे सार्थक : वि. स. पागे

(मंडळाच्या व्याख्यानमालेतील भाषण)



ज्या छत्तीसगडात आपण नोकरीनिमित्त स्थिरावलो, तेथे विधान परिषद नाही. त्यामुळे आपल्या मुलांना वरिष्ठ सभागृह म्हणजे काय, हे पाठ्यपुस्तकातूनच कळते. महाराष्ट्राच्या परिषदेत 78 सभासद असतात. त्यांपैकी कुणाला आमदार निवडून देतात, कुणाला स्थानिक संस्था, कुणाला पदवीधर, कुणाला शिक्षक. 12 जणांना राज्यपाल नियुक्त करतात. पराभूतांच्या सोयीसाठी केलेली ही व्यवस्था आहे, असा आक्षेप नेहमी घेतला जातो. तो सर्वस्वी निराधार आहे, असे आम्ही म्हणणार नाही. परंतु या आक्षेपाला एका माणसाच्या कारकिर्दीने जे उत्तर दिले, ते आज आपणांपुढे ठेवावयाचे आहे.

विठ्ठल सखाराम पागे हे सांगली जिल्ह्यातले. जन्म 1910 चा. स्वातंत्र्यलढ्यात उतरलेला हा गांधीमार्गी कार्यकर्ता 1960 साली महाराष्ट्राच्या विधान परिषदेचा सभापती झाला आणि 1978 पर्यंत त्या आसनावर राहिला. सभापतीने वादविवादात पडावयाचे नसते. इतरांना बोलू द्यावयाचे असते. मग अशा माणसाच्या हातून काय घडावे?

पागे यांनी विचार केला तो हाताला काम नसलेल्या शेतमजुराचा. धर्मादाय मदत नको, मागेल त्याला काम मिळाले पाहिजे, हे त्यांचे सूत्र. 1965 साली तासगाव तालुक्यातील विसापूर येथे त्याचा प्रयोग झाला. पुढे 1972 चा भीषण दुष्काळ आला. लाखो माणसे खडी फोडावयास गेली, आणि हा विचार किती मोलाचा आहे, हे राज्याला उमगले. 1977 साली दोन्ही सभागृहांनी रोजगार हमीचा कायदा संमत केला. तो 26 जानेवारी 1979 पासून अमलात आला. तोपर्यंत पागे सभापतिपदावरून निवृत्त झालेले होते.

या कायद्याचे मर्म एवढेच की, काम मागितल्यावर पंधरा दिवसांत ते द्यावयाचे; न दिल्यास बेकारभत्ता द्यावयाचा. सरकारच्या कृपेचे रूपांतर मजुराच्या हक्कात झाले. यासाठी पैसा उभा करावयास 1975 साली व्यवसाय कर बसविण्यात आला. महाराष्ट्रात नोकरीस असताना तो आमच्याही पगारातून कापला जाई आणि कचेरीत त्याबद्दल कुरकूर चाले. शहरातल्या पगारदाराच्या त्या चार पैशांतून कुठल्याशा खेड्यात पाझर तलाव होत होता, नालाबांध होत होता, याची जाणीव मात्र थोड्यांनाच होती.

या योजनेत उणिवा नव्हत्या असे नाही. खोटे हजेरीपट, रखडलेली मजुरी, अर्धवट सोडलेली कामे यांच्या तक्रारी महाराष्ट्राने पुष्कळ ऐकल्या. तरीही 2005 साली संसदेने देशासाठी ग्रामीण रोजगार हमीचा कायदा केला, तेव्हा महाराष्ट्राचाच अनुभव त्यांच्यासमोर होता. दुर्गच्या स्थानकावर गाठोडी आणि मुलेबाळे घेऊन परमुलखी कामाला निघालेली कुटुंबे आपण सर्वांनीच पाहिली आहेत. पागे यांचा विचार त्या माणसांपर्यंत पोचला, तो असा.

1990 साली पागे निवर्तले. त्यांचे नाव आपल्या घरांतून फारसे घेतले जात नाही. परप्रांतात राहून आपण गणेशोत्सव जपला, नाटके जपली, भाषाही जपली. यापुढे मुलांना महाराष्ट्राचा वारसा सांगताना गडकोटांबरोबर हा कायदाही सांगावा, एवढीच आमची विनंती आहे. सभागृह वरिष्ठ ठरते ते आसनाच्या उंचीने नव्हे. तेथे बसणाऱ्याची दृष्टी किती खालपर्यंत पोचते, यावर ते ठरते.