शेवटची पंगत

(महिला कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



शिबिराच्या पत्रकात माझ्या नावापुढे ‘घरकाम आणि बाईचा वेळ’ असा विषय छापला आहे. त्याचे आकडे मी सांगणारच आहे. पण आधी रात्रीच्या एका साध्या जेवणाबद्दल बोलते, कारण इथून घरी गेल्यावर आपल्यापैकी बहुतेकींना ओट्यापाशीच उभं राहायचं आहे.

हे जेवण म्हणजे पिझ्झाच्या चवीचं सूप. हसू नका. पिझ्झा इटलीतल्या नेपल्सचा, पण त्याचं सूप करतात ते अमेरिकेतल्या घरांमध्ये. पिझ्झावर जे जे पडतं, म्हणजे टोमॅटो, लसूण, ओरेगानो, सॉसेज, ढोबळी मिरची, ते एकाच पातेल्यात शिजवायचं, वर चीज आणि सोबत भाजलेला पाव. कामाच्या दिवशी दमून आल्यावर एका भांड्यात होणारं, पोटभरीचं. आपल्या चकोल्यांच्या जातीचंच म्हणा ना.

आमच्याकडे ते बुधवारी होतं. घरात पाच माणसं. एक वाटी राजमा सकाळीच भिजत घालायचा. संध्याकाळी पाणी बदलून तो कुकरला लावायचा, पहिली शिट्टी झाली की गॅस बारीक करून वीस मिनिटं. राजमा आधी वेगळाच शिजवायचा. टोमॅटोबरोबर घातलात तर आंबटपणामुळे तो लवकर मऊ होत नाही. कुकर होईतो दोन कांदे, आठ-दहा लसणाच्या पाकळ्या, एक गाजर आणि किलोभर टोमॅटो चिरून होतात. पातेल्यात दोन चमचे तेलावर कांदा-लसूण चांगला परतायचा, मग गाजर, टोमॅटो, मीठ, थोडं लाल तिखट. टोमॅटोला तेल सुटलं की राजमा पाण्यासकट ओतायचा आणि मूठभर राजमा डावाने ठेचायचा, म्हणजे सूप दाट होतं. ओरेगानो नसेल तर अडू नका. कुंडीतल्या पानओव्याची दोन पानं चिरून घाला, वास त्याच घराण्यातला आहे. मांसाहारी असाल तर खिमा घाला. गोव्याकडच्या मैत्रिणींकडे तर चोरीस आहेच. मग दहा मिनिटं उकळू द्यायचं.

आता मला जे सांगायचं आहे ते पातेल्यात नाही, पातेल्याभोवती आहे. चीज किसून एका वाटीत, मक्याचे उकडलेले दाणे दुसरीत, बारीक चिरलेली ढोबळी मिरची तिसरीत, पाव तव्यावर शेकून टोपलीत. मिरची मी कच्चीच ठेवते, राजम्यातलं लोह अंगी लागायला त्यातल्या क जीवनसत्त्वाची मदत होते. पातेलं मधोमध ठेवायचं. ज्याने त्याने आपल्या हाताने वाढून घ्यायचं. कोणी वाढायला उभं नाही.

पोळीच्या जेवणाचा हिशोब करून बघा. पाच माणसांच्या पंधरा पोळ्या. ‘गरम गरम’ या दोन शब्दांपायी एक बाई तव्यापाशी उभी, बाकीचे पाटावर. ती बसते तेव्हा भाजीचा तळ उरलेला असतो. पोळीशी माझं भांडण नाही, मलाही ती आवडते. पण जो पदार्थ एकीला उभं ठेवल्याशिवाय पानात पडत नाही, तो रोजच का, हे विचारायला हवं.

२०२४ च्या केंद्र सरकारच्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरच्यांसाठीचं बिनपगारी घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा त्यात दिवसाला २८९ मिनिटं वेळ जात होता, पुरुषांचा ८८. २०१९ मध्ये हेच आकडे २९९ आणि ९७ होते. स्त्रियांची दहा आणि पुरुषांची नऊ मिनिटं कमी झाली, मधलं अंतर जवळजवळ होतं तेवढंच राहिलं. दुसरा आकडा जेवणाचा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या शंभरातल्या ५४ स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आढळलं. त्याची कारणं अनेक आहेत, पण शेवटी आणि उरलेलं खाणं त्यातून वगळता येत नाही.

सासूबाई पहिल्यांदा म्हणाल्या, “सूप म्हणजे काय जेवण? आजाऱ्याला देतात ते.” त्यांना मी पातेल्याजवळच बसवलं. पन्नास वर्षं त्यांनी शेवटी जेवून काढली आहेत. आता बुधवारी त्या सर्वांत आधी वाढून घेतात आणि चीजची वाटी आपल्याकडे ओढतात. भाकरी मात्र लागतेच त्यांना, सकाळची चालते.

काही जणींच्या मनात आलं असेल की ताईंच्या घरी चालतं, आमच्याकडे पोळी नाही म्हटलं तर ताट भिंतीवर जाईल. खरं आहे. समुपदेशनाला येणाऱ्या बायका मार कशावरून पडला ते सांगतात, त्यात मीठ असतं, गार वरण असतं, झालेला उशीर असतो. मी आत्ता सांगितलं त्याच आरोग्य सर्वेक्षणात नवऱ्याने बायकोला मारणं कोणत्या कारणांसाठी योग्य वाटतं असं विचारतात. त्यांनी दिलेल्या सात कारणांत ‘स्वयंपाक नीट न करणं’ हे एक आहे. सातांपैकी निदान एक कारण ४५ टक्के स्त्रियांना आणि ४४ टक्के पुरुषांना पटलं होतं. म्हणजे आपल्यातल्याही कितीतरी जणींना! एम.एस.डब्ल्यू.च्या वर्गात हिंसाचाराचे प्रकार शिकवले, पण आमटीत मीठ जास्त झालं म्हणून, असं पुस्तकात कुठे नव्हतं. सूप केल्याने मार थांबत नाही, तसा दावा मी करणार नाही. जिथे धोका आहे तिथे आधी आमच्या केंद्रात या, जेवणाचा प्रयोग नंतर. पण जिथे फक्त सवय आड येते, आणि अशी घरं पुष्कळ आहेत, तिथे आठवड्यातला एक वार मागून घ्या.

खर्चाचं विचारलंत. चीज महाग पडतं, ते नसलं तरी चालतं. वरून शेंगदाण्याचं भरड कूट घाला, चव बदलते पण पोट भरतं. राजम्याऐवजी चवळीही चालेल.

एक मात्र आधी ठरवून घ्या, सकाळी राजमा भिजत कोणी घालायचा. आमच्याकडे ते नवऱ्याचं काम आहे. एका बुधवारी तो विसरला. संध्याकाळी मुगाची डाळ घालून सूप केलं त्याने, ती भिजवावी लागत नाही. दिवसभरात आठवण करून द्यायला मी फोन केला नव्हता.