वीजबिलातील पैसा आणि शीत संमीलनाचे संशोधन

जे तंत्रज्ञान चालेल की नाही याचीच खात्री नाही, त्याच्या संशोधनावर वीजकंपन्यांनी पैसा घालावा काय, हा प्रश्न वरवर हिशेबाचा दिसतो. परंतु अमेरिकेतील ‘इलेक्ट्रिक पॉवर रिसर्च इन्स्टिट्यूट’ने शीत संमीलनावर केलेला खर्च तपासला, तर तो मुळात मोजमापाचा प्रश्न आहे, हे ध्यानी येते. ९ नोव्हेंबर १९६५ रोजी ईशान्य अमेरिकेत आणि कॅनडाच्या आँटॅरिओ प्रांतात वीजपुरवठा कोलमडून सुमारे ३ कोटी लोक अंधारात गेले, तेव्हा वीजधंद्याची संशोधनाविषयीची अनास्था उघडी पडली आणि १९७२ मध्ये वीजकंपन्यांच्या वर्गणीतून, चॉन्सी स्टार यांच्या नेतृत्वाखाली, ही संस्था उभी राहिली. त्या काळी या कंपन्यांना आपापल्या क्षेत्रात मक्तेदारी होती आणि त्यांचे दर नियामक आयोग ठरवीत. वर्गणीचा खर्च दरांत धरता येई. म्हणजे अखेरीस पैसा घरोघरच्या वीजबिलातूनच येत होता.

२३ मार्च १९८९ रोजी युटा विद्यापीठात मार्टिन फ्लाइशमन आणि स्टॅन्ली पॉन्स यांनी जाहीर केले, की जड पाण्याचे, म्हणजे ज्यातील हायड्रोजनच्या जागी ड्यूटेरियम हा त्याचा दुप्पट जड भाऊबंद असतो अशा पाण्याचे, पॅलेडियमच्या ऋणाग्राने विद्युत अपघटन केले असता घातलेल्या ऊर्जेहून अधिक उष्णता मिळते; साध्या तापमानालाच अणुकेंद्रांचे संमीलन होते, या दाव्याला शीत संमीलन म्हणतात. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात अमेरिकी ऊर्जा खात्याच्या समितीने पुरावा पटण्याजोगा नसल्याचे सांगून खास निधीस नकार दिला, मात्र नेमक्या प्रयोगांना माफक साहाय्य द्यावे असेही नोंदवले. हे साहाय्य वीजकंपन्यांच्या संस्थेने एसआरआय इंटरनॅशनल येथील मायकल मॅक्कुब्रे यांच्या गटाला दिले, आणि तिचे खरे श्रेय येथेच आहे.

कारण या पैशातून दावा नव्हे, तर उष्णतामापक विकत घेतला गेला. बंद पात्राभोवती ठरावीक वेगाने पाणी फिरवायचे, आत जाताना आणि बाहेर पडताना त्याच्या तापमानात किती फरक पडतो ते मोजायचे आणि वाहून गेलेली उष्णता काढायची, अशी ती पद्धत होती. पॅलेडियमच्या दर अणूमागे ड्यूटेरियमचे सुमारे ०.९ अणू मुरल्याखेरीज जादा उष्णता दिसत नाही, असे या गटाने नोंदवले. म्हणजे इतर प्रयोगशाळांना ही उष्णता का दिसली नाही, याचे एक तपासण्याजोगे कारण पुढे ठेवले. हा निष्कर्ष वैज्ञानिक जगाने स्वीकारला नाही. या कामाची किंमत पैशापुरतीच राहिली नाही: जानेवारी १९९२ मध्ये एसआरआयच्या प्रयोगशाळेत एका पात्राचा स्फोट होऊन एका संशोधकाचा मृत्यू झाला.

तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्रातही १९८९ मध्ये पी. के. अय्यंगार यांच्या पुढाकाराने असे प्रयोग झाले आणि संमीलनाच्या खुणा मानले जाणारे न्यूट्रॉन व ट्रिटियम सापडल्याचे सांगण्यात आले. परंतु तेथे खर्च सरकारी तिजोरीचा होता, ग्राहकाचा नव्हे, आणि हा भेद लहान नाही. ग्राहकाला वीज घेण्यावाचून गत्यंतर नसते; म्हणून त्याच्या पैशाने केलेल्या प्रयोगाचा निकाल, तो नकारार्थी असला तरी, त्याच्यापुढे मांडला जाणे हा त्याचा हक्क ठरतो.

१९९०च्या दशकाच्या मध्यास वीजकंपन्यांच्या संस्थेने हा निधी थांबवला. त्याच सुमारास अमेरिकी वीजबाजार स्पर्धेला खुला होत गेला आणि दूरच्या संशोधनाची वर्गणी स्पर्धक कंपन्यांना भार वाटू लागली. २०१५ पासून शीत संमीलनाच्या दाव्याची नव्याने कसून तपासणी झाली. २०१९ मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या अहवालात शीत संमीलनाचा पुरावा आढळला नाही, पण अधिक अचूक उष्णतामापक मात्र हाती आले. त्या तपासणीचा खर्च गूगलने केला होता.