खापर आणि साचा
(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



मी मूळचा साक्री तालुक्यातल्या पिंपळनेरचा. आयटीआय करून कोल्हापूरकडे गेलो आणि एका फौंड्रीत लागलो. आखाजीला घरी आलो की आई विचारायची, ‘‘तू तठे काय काम करस रे?’’ ‘लोखंड ओततो’ एवढ्यावर तिचं समाधान होत नसे. एका वर्षी ती चुलीवर पालथं खापर तापवून मांडे करत बसली होती. मला तिथे उत्तर सापडलं.

नेहमीच्या ओतकामात ओलसर वाळू आणि बेंटोनाइट माती पेटीत ठासून साचा करतात. ही पद्धत स्वस्त, आणि पुष्कळ कामांना पुरेशी. पण हवेवर थंड होणाऱ्या इंजिनाच्या सिलिंडरभोवती पातळ पाती असतात. ती ओल्या वाळूत नेमकी उमटवणं अवघड. तिथे शेल मोल्डिंग, म्हणजे कवचाचा साचा, कामी येतो. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात जर्मनीतल्या योहानेस क्रोनिंग यांनी ही पद्धत काढली.

यातली वाळू बारीक आणि कोरडी. तिच्या कणांवर रेझिनचा पातळ लेप असतो. वस्तूच्या आकाराचा धातूचा पॅटर्न २०० ते ३०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवतात. कवच चिकटू नये म्हणून त्यावर सिलिकॉन फवारतात. आई खापराला पाण्याचा हात लावायची, तसंच. मग पॅटर्न वाळूच्या पेटीवर पालथा बसवून पेटी उलटी करतात. तापल्या धातूला टेकलेल्या वाळूतलं रेझिन वितळतं, कण एकमेकांना धरतात, आणि काही सेकंदांत पाच ते दहा मिलिमीटर जाडीचा थर जमतो. पेटी सरळ केली की उरलेली मोकळी वाळू खाली पडते. तो थर पॅटर्नसकट ओव्हनमध्ये भाजून पक्का करायचा आणि पिनांनी उचलून सोडवायचा. अशी दोन अर्धी कवचं चिकटवली की साचा झाला.

आत तेराशे अंशांच्या वर तापलेला लोखंडाचा रस ओततात. तो गोठेपर्यंत कवच तग धरतं. मग रेझिन जळून गेलेली वाळू ठोकताच भुगा होऊन पडते. वस्तू गुळगुळीत आणि मापात निघते, पुढचं घासकाम वाचतं. मात्र धातूचा पॅटर्न आणि रेझिन दोन्ही महाग, म्हणून एकसारखे हजारो नग लागणार असतील तरच हे परवडतं.

सगळं ऐकून आई म्हणाली, ‘‘मंग ते खापरच शे!’’ आणि पुढे विचारलं, मांडा कच्चा काढला तर फाटतो, तुमचं काय होतं?

त्या प्रश्नाला मी उत्तर दिलं नाही. आज देतो.

त्याआधीच्या पावसाळ्यात, दुसऱ्या पाळीत, नगांचा आकडा गाठायचा म्हणून मी ओव्हनची वेळ पुरी होण्याआधी एक कवच काढलं. पक्क्या कवचाला तपकिरी रंग येतो. हे फिकट पिवळं होतं. मी पाहिलं, आणि पुढे ढकललं. ओतताना ते फुटलं. रस जमिनीवर पसरला, ठिणग्या उडाल्या, एक सोबत्याच्या बुटात शिरली. दीड महिना तो घरी होता. हजेरी बुडाली, पगार बुडाला. चौकशीत ‘वाळू खराब’ असं लिहिलं गेलं. मी गप्प राहिलो.

निवृत्तीच्या दिवशी त्याला खरं सांगितलं. तो शांतपणे म्हणाला, ‘‘कवच फिकं होतं, मलाही दिसलं होतं. तू माझ्यापेक्षा जुना, म्हणून बोललो नाही.’’

आपल्या भागातली मुलं आजही कारखान्यांत कामाला जातात. फौंड्रीत गेलात तर रेझिनचा धूर ओढून घेणारा पंखा चालू आहे का, ते आधी बघा. तो धूर छातीला वाईट. बूट घोट्यापर्यंत बंद असू द्या. आणि कवच फिकं दिसलं, तर समोर कितीही जुना माणूस असो, हात वर करून सांगा. त्या रात्री कुणी सांगितलं असतं, तर मी ते परत ओव्हनमध्ये ठेवलं असतं. पाच मिनिटांचंही काम नव्हतं.