वाऱ्यावर चढणारे तेल



शीळफाट्याला ज्यांचे रोजचे जाणे-येणे आहे त्यांना तिथल्या वाहतुकीविषयी मी काय सांगावे! मुंब्रा, कल्याण, महापे, पनवेल अशा चहूकडच्या वाटा तिथे मिळतात. अवजड ट्रक रखडतो आणि त्याच्या कडेने मोटारसायकलवाला सुळकन् निसटतो. रस्ता एकच, पण दोघांची चाल निराळी. आज जी अडचण सांगणार आहे ती हीच. फक्त रस्त्याच्या जागी विहिरीतली उभी नळी समजा. ट्रक म्हणजे तेल आणि पाणी, मोटारसायकल म्हणजे वायू.

मुंबईच्या पश्चिमेला सुमारे 160 किलोमीटरवर, भर समुद्रात, 1974 साली ‘सागर सम्राट’ने तेल शोधले. तेच ‘मुंबई हाय’. 1976 पासून तिथे तेल निघू लागले. हजार मीटरांहून खोल चुनखडीच्या थरात ते दाबाखाली कोंडलेले होते. वाट मिळताच आपणहून वर येई. उपसा झाला तसा दाब उतरला. तो टिकावा म्हणून थरात समुद्राचे पाणी भरतात, पण ते पाणीही हळूहळू विहिरीत येऊ लागते, आणि पाणी तेलाहून जड. दहा मीटर उंच पाणी एका वातावरणाइतका दाब देते. हजार मीटरचे ओझे म्हणजे शंभर वातावरणे! थराला ते पेलवत नाही आणि विहीर बसते. तेल संपलेले नसते बरे का, वर येण्याची ताकद संपलेली असते.

कॉम्प्रेसर बसवलेली बोअर आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिली असेल. बारीक नळीने हवा खाली सोडली की बुडबुड्यांनी पाणी हलके होते आणि भसाभसा वर येते. मुंबई हायच्या पुष्कळ विहिरींत हेच करतात. मात्र तिथे हवा चालत नाही, स्फोटाची भीती. तेलाबरोबर निघालेला वायूच दाबून पुन्हा खाली धाडतात. बाहेरची पोलादी नळी आणि आतली तेलाची नळी यांच्यामधल्या फटीतून तो उतरतो व झडपेतून आत शिरतो. याला ‘गॅस लिफ्ट’ म्हणतात.

खरी गंमत यापुढे आहे. खाली बुडबुडा लहान असतो. वर येताना दाब कमी होतो तसा तो फुगतो, दुसऱ्यांना मिळतो आणि नळीभर होतो. मग एक गोळा वायूचा, एक गोळा तेलाचा, अशी मिरवणूक निघते. वायू वाढवला की तेल वाढते. म्हणून आणखी वाढवावा, तर एका मर्यादेपुढे वायू मधून सुसाट निघतो, घर्षण वाढते आणि तेल उलट घटते.

आणि वायू कमी पडला तर? विहीर धापा टाकू लागते. फटीत वायू साठतो, एकदम आत घुसतो, तेलाचा लोंढा वर फेकतो. मग सारे सामसूम. वर प्लॅटफॉर्मवर तेल, पाणी, वायू वेगळे करणारी टाकी असते. तिच्यात असा लोंढा आला की तेल वायूच्या वाटेने कॉम्प्रेसरकडे जायची भीती, म्हणून यंत्रे थांबवावी लागतात. कॉम्प्रेसर थांबला की शेजारच्या विहिरीही बसतात. एकीचे दुखणे साऱ्या घराला!

म्हणून तिथला माणूस दोन्ही नळ्यांचे दाब पाहत राहतो, झडप थोडी आवळतो, थोडी सोडतो. वायू मोजका, त्याचा पुढचा वाटा जी विहीर सर्वांत जास्त तेल देईल तिला द्यायचा. फिरवलेला वायू परत मिळतो हे खरे, पण तो दाबायलाही इंधन जळतेच. याच समुद्रातल्या वायूच्या भरवशावर उरणचे वीजकेंद्र आणि थळचा खतकारखाना उभे राहिले, हे शेतकरी बंधूंनी ध्यानात घ्यावे. शिवाय दाबाखालचा वायू म्हणजे खेळ नव्हे. 27 जुलै 2005 रोजी मुंबई हायच्या उत्तर भागात एक जहाज प्लॅटफॉर्मवर आदळले, वायूची नळी फुटली, आग भडकली. 22 माणसे गेली.

शिक्षकबंधूंनी आणि भगिनींनी हे वर्गात करून पाहावे. खोल बादलीभर पाण्यात पारदर्शक नळी उभी धरा, वरचे टोक पाण्याबाहेर वीतभर राहू द्या. सलाइनची बारीक नळी तिच्या बुडात सरकवा आणि सायकलच्या पंपाने हळूहळू हवा सोडा. पाणी बादलीच्या पातळीपेक्षा वर चढून सांडू लागेल. मग एखाद्या दांडग्या पोराच्या हाती पंप द्या. तो जीव खाऊन पंप मारील, आणि नळीतून नुसता वारा आणि चार शिंतोडे येतील.